पडल्याची वही दाखवा

कॉलेजातल्या पोरांनी उपग्रह बनवला, रॉकेट बनवलं, विमान बनवलं अशी बातमी आली की मी ती कापून ठेवतो. मनापासून आनंद होतो. मग पुन्हा वाचतो आणि आनंद निम्म्यावर येतो. प्रमुख पाहुणे कोण, ते असतं. खर्च किती, ते असतं. संस्थेच्या शिरपेचात तुरा खोवला गेला, हेही असतं. कितीदा पडलं, ते मात्र नसतं.

उडणाऱ्या वस्तूबद्दल विचारायचा पहिला प्रश्न तोच ना?

गेल्या हिवाळ्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर स्पर्धा पाहायला गेलो होतो. मुलांनी स्वतः बांधलेली, रिमोटवर उडणारी विमानं. कॉलेजचं नाव सांगणार नाही, कारण दुखणं एका कॉलेजचं नाही. चौघांचा एक गट होता, तीन मुलं आणि एक मुलगी. बाल्सा लाकडाचा सांगाडा, डेप्रॉनचे पंख, जोडांवर ब्राउन टेप. विमान सुटलं. सहा सेकंद उडालं, नाक वर केलं, आणखी वर केलं, हवेत थबकलं आणि मातीत आपटलं. मांडवात हशा पिकला.

मुलगी धावली. तिनं विमान उचललं नाही. आधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो घेतले, मग तिथंच मातीत बसून वहीत लिहू लागली. मी मागून डोकावलो. 'क्र. ७. बॅटरीचा वेल्क्रो सुटला. बॅटरी मागे. सीजी मागे. नाक वर, वेग संपला, स्टॉल.' त्याच पानावर वर क्र. ६ होता. त्याचं कारण वेगळं होतं.

त्या मैदानावर त्या क्षणी खरं इंजिनिअरिंग चाललं होतं ते त्या पानावर.

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य. विमानाचं सगळं वजन जिथं तोलतं तो बिंदू. तो ठरलेल्या जागेपुढं असला की वाऱ्याच्या धक्क्यानं वर गेलेलं नाक आपोआप खाली येतं. तो मागं सरकला की वर गेलेलं नाक वर वरच जातं. मग पंखावरून सुरळीत वाहणारी हवा सुटते, उचल संपते आणि विमान दगडासारखं पडतं. बॅटरी दोन बोटं सरकली, एवढं पुरतं. छोट्या प्रवासी विमानात कधी कधी माणसांना मागच्या रांगेतून पुढं बसायला सांगतात, ते याच हिशेबानं.

बक्षीस कुणाला मिळालं? रंग सगळ्यात चकचकीत होता त्या विमानाला. त्यानं जमीन सोडलीच नव्हती.

वही परीक्षकांनी मागितली नाही. मुलांनीही दाखवली नाही. पडल्याची नोंद दाखवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पुण्यात या. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ नं एका खेपेत वीस उपग्रह नेले. त्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' होता. दहा सेंटिमीटर लांब-रुंद-उंच. वजन जेमतेम एक किलो. वाण्याकडून आणलेल्या साखरेच्या पुड्याएवढं. काम सुरू झालं होतं २००८ मध्ये.

आठ वर्षं. पदवी चार वर्षांची. जमवा हिशेब!

जमत नाही. ज्या पोरांनी पहिली आकृती काढली, ती उड्डाणाच्या दिवशी नोकरीत होती. ज्यांनी उड्डाण पाहिलं, त्यांनी सुरुवात पाहिली नव्हती. मधल्या सगळ्या बॅचेसना जोडणारी गोष्ट कोणती? कागद. कुठला स्क्रू किती आवळला, कुठला भाग का बदलला, कंपनाच्या चाचणीत काय सैल झालं, त्याचा कागद. तो पुढच्या बॅचच्या हातात पडला नाही, तर ती बॅच त्याच खड्ड्यात पुन्हा पाय घालते.

उपग्रहाला अंतराळात जायच्या आधी हॉस्टेलच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं लागतं. प्रकल्प हरवतात ते याच प्रवासात.

आणखी एक. सीओईपीत एरोस्पेस ही शाखाच नव्हती. टेलिकॉमची पोरं, मेकॅनिकलची पोरं, कॉम्प्युटरची पोरं. लेक्चर आणि जर्नल सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी हे केलं. आज गावोगावच्या कॉलेजांना एरोस्पेसची पाटी हवी आहे. पाटीला परवानगी पुरते.

त्या एक किलोच्या पुड्यात काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. अंतराळात सोडलेला उपग्रह गडगडत राहतो. त्याची अँटेना पृथ्वीकडं नीट राहायची, तर त्याला सावरावं लागतं. मोठे उपग्रह पोटातली चाकं फिरवून स्वतःला वळवतात. त्याला वीज लागते, जागा लागते. पोरांकडं दोन्ही नव्हतं. त्यांनी आत एक कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो. पण सुई डुलत राहते. ते डुलणं जिरवायला खास मिश्रधातूच्या काड्या ठेवल्या. डुलण्यातली ऊर्जा या काड्यांत उष्णता होऊन विरते. वीज किती लागली? शून्य.

हे डोकं होतं. आपण कौतुक केलं वजनाचं.

तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. दहा किलोचा. त्याचं काम सुरू झालं होतं २००७ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं. काम काय? वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणं. उपग्रहाचा रेडिओ संदेश त्या थरातून खाली येताना पिळला जातो. किती पिळला गेला, ते जमिनीवर मोजायचं आणि त्यावरून इलेक्ट्रॉनची संख्या काढायची. त्यासाठी ठिकठिकाणी अँटेना हव्यात. म्हणून आयआयटीच्या पोरांनी इतर कॉलेजांनाही जमिनीवरची केंद्रं उभारायला मदत केली.

मला हा प्रकल्प आवडतो तो याचसाठी. अर्धा उपग्रह वर होता, अर्धा कुठल्या कुठल्या कॉलेजच्या गच्चीवर. ज्यांना आयआयटीचा दरवाजा उघडला नव्हता, त्यांच्या गच्चीवर.

पण गच्चीवरच्या अँटेनाची गोष्टही आपल्याला ठाऊक आहे. उद्घाटनाला फीत असते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्या जोडावरचा गंज कोण घासतो? ती पोरं पास होऊन गेली. गच्चीची किल्ली शिपायाकडं. शिपायाची बदली झाली.

दहा सेंटिमीटरचा हा घन आला कुठून? १९९९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी पुईग-सुआरी यांनी हे माप ठरवलं. ट्विग्जना आकार सुचला तो दुकानातल्या एका प्लास्टिकच्या डबीवरून. बीनी बेबी नावाच्या कापडी खेळण्यांची ती डबी. माप इतकं लहान का? विद्यार्थ्याला पदवीच्या काळातच स्वतःचा उपग्रह बांधून, सोडून, त्याचा आवाज ऐकता यावा म्हणून.

माप आपण घेतलं. मुदत घेतली नाही.

असे पहिले घन उडाले ३० जून २००३ रोजी, रशियातल्या प्लेसेत्स्कहून. जपान, डेन्मार्क, कॅनडा, अमेरिका इथल्या विद्यापीठांचे. टोकियोचा घन वर्षानुवर्षं फोटो पाठवत राहिला. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचा बोललाच नाही. टोरांटोचा बोललाच नाही. डेन्मार्कमधल्याच आलबोर्ग विद्यापीठाचा बोलला, पण फार क्षीण.

मग काय झालं? प्रयोगशाळेला टाळं लागलं? २८ एप्रिल २००८ रोजी टोरांटोचा पुढचा उपग्रह उडाला, त्याच रॉकेटवर आलबोर्गचा दुसराही उडाला. कुठून? आपल्या श्रीहरिकोट्याहून. पीएसएलव्ही-सी९. एका खेपेत दहा उपग्रह नेल्याचा तो विक्रम आपण पेढे वाटून साजरा केला. त्या दहांत पाच वर्षांपूर्वी पडलेली पोरं पुन्हा उभी होती, हे आपल्या पेढ्यांत कुठं आलं?

आणि त्याच २००८ मध्ये पुण्यात 'स्वयम्'ची पहिली आकृती निघत होती.

इंग्लंडातल्या सरे विद्यापीठाची गोष्ट तर इथल्या प्रत्येक प्राचार्यांनी वाचावी. ऑक्टोबर १९८१ मध्ये मार्टिन स्वीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला 'यूओसॅट-१' उडाला. पुढच्या वर्षी जमिनीवरून एक चुकीची आज्ञा गेली आणि उपग्रहाचे दोन्ही रेडिओ प्रक्षेपक एकदम चालू झाले. लाउडस्पीकरशेजारी बसलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, तसं झालं. स्वतःच्याच आवाजात तो बहिरा झाला. 'बंद हो' म्हटलेलं त्याला ऐकूच येईना.

महिने गेले. शेवटी कॅलिफोर्नियातली दीडशे फूट व्यासाची प्रचंड तबकडी त्याच्याकडं वळवली आणि तिच्यावरून इतक्या जोरानं ओरडलं की त्या गोंगाटातूनही त्याच्या कानात शिरलं. उपग्रह शुद्धीवर आला. पुढं १९८९ मध्ये वातावरणात जळेपर्यंत चालला.

आपल्याकडं काय झालं असतं? पहिल्या आठवड्यात चौकशी समिती. दुसऱ्या आठवड्यात 'जबाबदार कोण'. त्या मुलांच्या पालकांना फोन. आणि तबकडीसाठी विनंतीपत्र? ते कुलसचिवांच्या सहीसाठी पडून.

सरेच्या त्या मंडळींनी १९८५ मध्ये कंपनी काढली. १० जुलै २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी२८ नं ब्रिटनचे पाच उपग्रह नेले. त्यातले तीन प्रत्येकी ४४७ किलोचे होते आणि ते याच कंपनीचे होते. बहिऱ्या झालेल्या उपग्रहाची पोरं आपल्या इस्रोचं गिऱ्हाईक होऊन आली.

इस्रोचंच घ्या. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. त्यावर 'आझादीसॅट' होता. देशभरातल्या सरकारी शाळांतल्या साडेसातशे मुलींचे हात त्याला लागले होते. तो गेला. इस्रोनं कारण जाहीर केलं. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचा हादरा बसला, वेग मोजणारी उपकरणं गडबडली, सॉफ्टवेअरनं ती निकामी समजली आणि रॉकेट हव्या त्या कक्षेत पोचलं नाही. एवढं स्पष्ट. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरं उड्डाण जमलं आणि त्यावर 'आझादीसॅट-२' गेला.

देशाची अंतराळ संस्था आपली चूक जगासमोर मांडते. कॉलेजनं आपल्या कोसळलेल्या ड्रोनचं अर्ध्या पानाचं टिपण भिंतीवर लावलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

मी नाही पाहिलं. फ्लेक्स पाहिले आहेत.

एकदा अशाच एका कॉलेजात विंड टनेल पाहायला मागितला. विंड टनेल म्हणजे एरोस्पेसची तालीम. विमान जागेवर ठेवायचं आणि त्याच्यावरून हवा सोडायची. लाखो रुपयांचं यंत्र. त्याच्यावर कापड होतं. कापडावर धूळ होती. विचारलं, कधी चालतं? सोबतचे सर प्रामाणिक होते. म्हणाले, 'कमिटी येते तेव्हा.' विद्यार्थी? 'त्यांना जर्नलमध्ये रीडिंग देतो.' कुठली रीडिंग? 'सेट असतात.'

सेट असतात! हवा न सोडता हवेचा दाब!

ही मुलं चार वर्षांनी एरोस्पेस इंजिनिअर म्हणून बाहेर पडतात. मग आपणच विचारतो, ती सॉफ्टवेअर कंपनीत का जातात? जिथं यंत्राला हात लावू देतात, तिथं जातात.

हात लावायचा म्हटलं तर लावायचा कधी? वर्कशॉप पाचला बंद. पोरांची लेक्चर्स पाचपर्यंत. कुलूप लावणारा माणूस वाईट नसतो. त्याची बस साडेपाचची असते. पण सहानंतर एक वर्कशॉप उघडं ठेवायला, एका माणसाला जादा भत्ता द्यायला, किती पैसे लागतात? स्वागत कमानीपेक्षा कमी.

आणि खरेदी. एक छोटा सेन्सर हवा आहे. तो बनवणारी कंपनी एकच. खरेदी विभागाला तीन कोटेशन्स हवीत. पोरं स्वतःच्या खिशातून घेतात, घरी सांगतात पुस्तकं घेतली. उड्डाणाच्या दिवशी बॅनरवर 'संस्थेच्या भरघोस सहकार्याने'. तो सेन्सर कुणाच्या मेसच्या पैशांतून आला, हे त्या पोरांना ठाऊक असतं आणि ती बोलत नाहीत.

ज्यांना एवढंही करायचं नाही त्यांच्यासाठी फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार मिळतो. अहवालासकट, बांधून, सोनेरी अक्षरांत. त्या अहवालात कधीच काही पडत नाही.

परीक्षकानं ओळखायला एवढं पुरेसं आहे.

आता चौपाटीकडं वळू या, कारण मराठी माणूस विमानावर बोलू लागला की गाडी तिथं येतेच. शिवकर बापूजी तळपदे, १८९५, गिरगाव चौपाटी. राइट बंधूंच्या आधी आपण उडवलं. छाती भरून येते. कागद कुठंय? मोजमाप कुठंय? किती उंच, किती वेळ, कुठं पडलं? तळपद्यांची धडपड खरी असेल, तिच्याविषयी मला आदर आहे. पण नोंदीवाचून तिचं आपण काय केलं? आख्यायिका केली, तिच्यावर सिनेमा काढला, आणि तो माणूस नक्की काय करत होता हेच हरवून बसलो.

आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव या गोष्टीला जोडलं जातं, त्याचं काय? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये ते नीट वाचलं. हसले नाहीत, टाकून दिलं नाही. भाषा तपासली, आकृत्या तपासल्या, गणितं मांडली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष काढून छापला. आदरानं तपासणं म्हणजे काय, ते यातून कळतं. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

चाळीस वर्षांपूर्वीची वही कुणी उघडली नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण सांगतो. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात देखणं. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पोरांची रॉकेट प्रयोगशाळा आहे. फक्त विद्यार्थ्यांची. त्यांना शंभर किलोमीटरची वेस ओलांडायची होती, जिथून अंतराळ सुरू झालं असं मानतात. आधीची रॉकेटं फसली. २०१८ मध्ये 'ट्रॅव्हलर-३' व्यवस्थित उडालं. पण नोंदी घेणारं यंत्र नीट चालूच केलं गेलं नव्हतं. रॉकेट किती उंच गेलं? आकडा नाही. कदाचित वेस ओलांडलीही असेल.

पोरांनी दावा केला का? नाही केला. आकडा नाही म्हणजे उड्डाण मोजायचं नाही.

विचार करा, वीस-एकवीस वर्षांची पोरं. वर्षभर रात्री जागलेली. डोळ्यांदेखत रॉकेट आभाळात शिरलेलं. आणि एक बटण राहिलं म्हणून 'आम्ही पोचलो' हे वाक्य गिळायचं. माझ्यानं झालं नसतं. तुमच्यानं?

पुन्हा बांधलं. २१ एप्रिल २०१९ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून 'ट्रॅव्हलर-४' सुटलं. नोंद आली. सुमारे १०३.६ किलोमीटर. विद्यार्थ्यांनी बांधलेलं अंतराळाची वेस ओलांडणारं पहिलं रॉकेट. आता तरी छाती बडवावी? त्यांनी अहवाल काढला आणि लिहिलं की मोजमापात सुमारे पाच किलोमीटर इकडं-तिकडं होऊ शकतात, वेस ओलांडल्याची खात्री आम्हाला नव्वद टक्के आहे.

नव्वद टक्के! उरलेले दहा त्यांनी स्वतःहून जगापुढं ठेवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रयोगशाळेचं 'आफ्टरशॉक-२' सुमारे १४३ किलोमीटरवर गेलं. या वेळी पाच किलोमीटर इकडं-तिकडं झाले असते तरी वेस फार खाली राहिली होती.

आपल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रसिद्धिपत्रकात 'अधिक-उणे' वाचल्याचं आठवतंय का? आठवून पाहा. मी कात्रणांची फाइल पुन्हा चाळली. 'ऐतिहासिक' सापडलं, 'अभूतपूर्व' सापडलं. अधिक-उणे नाही.

ही कुवतीची गोष्ट नाही, हे ठासून सांगतो. ३० मे २०२४ रोजी आयआयटी मद्रासच्या कुशीत वाढलेल्या 'अग्निकुल' कंपनीनं श्रीहरिकोट्यातल्या स्वतःच्या तळावरून रॉकेट उडवलं. त्याचं इंजिन एकसंध छापलेलं, थ्रीडी प्रिंटरवर. त्याआधी किती वेळा ऐनवेळी उलटी गणती थांबवली त्यांनी! लोक पहाटे उठून बातमीची वाट पाहत बसले आणि चहा पिऊन उठले. थांबवणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. मला ते विचारावंसं वाटतं. सगळे वाट बघत असताना, अगदी शेवटाला 'थांबा' म्हणायला छाती लागते.

आणि आता तर आठ-नऊ वर्षं लागतात ही सबबही गेली. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर पूर्वी नुसता फिरत राहायचा. इस्रो आता त्यालाच चालतं-फिरतं टेबल बनवते. वीज टेबलाची, दिशा टेबलाची, रेडिओ टेबलाचा. तुम्ही फक्त प्रयोग आणा. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात या टेबलावर २४ प्रयोग होते. त्यात पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूच्या विद्यार्थ्यांचं उपकरण होतं. मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठानं पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. तशाच पेशी एका पेटीत खाली ठेवल्या होत्या, तुलनेसाठी.

ती खालची पेटी मला वरच्या पेटीइतकीच मोलाची वाटते. वर काय झालं हे खालीच कळतं.

पहिल्या वर्षाला आलेली मुलगी आता पदवी हातात पडायच्या आत स्वतःचा प्रयोग अंतराळात पाठवू शकते. ट्विग्जनी डबीकडं बघून जे मनात धरलं होतं, ते आपल्या दाराशी आलंय. दार उघडायला काय हवं? सहानंतर उघडं वर्कशॉप. एका कोटेशनवर मिळणारा सेन्सर. कापड काढलेला विंड टनेल. आणि दर बॅचनं पुढच्या बॅचच्या हातात ठेवायची एक वही, जिच्यावर गुण मिळतात. पडल्याचे गुण. का पडलं ते बरोबर लिहिलं तर पूर्ण गुण.

कुठल्या विद्यापीठाला हे अवघड आहे? कुणीतरी मला समजावून सांगा.

त्या मैदानावर बक्षीस समारंभ झाला. पाहुणे गेले, मांडववाले दोऱ्या सोडू लागले, खुर्च्या एकात एक बसू लागल्या. मी गाडीकडं निघालो होतो. मैदानाच्या टोकाला ती चौघं अजून होती. तुटलेल्या नाकाला आइस्क्रीमच्या काड्या बांधल्या होत्या. बॅटरीला या वेळी वेल्क्रोवरून दोन रबरबँड आणि आडवी टेप. मुलीनं पंखाखाली दोन बोटं ठेवून विमान तोललं. नाक किंचित खाली झुकलं. तिनं मान हलवली.

उजेड जात होता. एकानं विमान फेकलं. ते थोडं खाली बसलं, मग सावरलं आणि वळलं. झाडांच्या वरून एक फेरी, दुसरी फेरी. कुणी ओरडलं नाही. एक जण मोबाइलवर वेळ मोजत होता आणि मुलगी त्याच्या तोंडाकडं पाहत होती. विमान गवतात उतरलं, थोडं घसरलं, थांबलं.

तिनं वही उघडली. 'क्र. ८,' तिनं लिहिलं, आणि विचारलं, 'किती?'

'तीन मिनिटं चाळीस.'

'बॅटरी उरली किती?'

ते मोजायचं राहिलं होतं. चौघंही विमानाकडं पळाली.